विचारा की! : फाईल तुमची, मग वाचतंय कोण?

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, दवाखान्यातली आपली गोष्ट कधी तिसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकावी लागलीय का, लागली असेल तर लिहा. एवढी पत्रं आली की नेहमीचे पेन्शन आणि रेशनकार्डाचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवलेत. सोलापूर म्हटलं तर मोठं शहर आणि म्हटलं तर एवढंसं, नवी पेठेत माणूस शिंकला की जुळे सोलापुरातनं फोन येतो, बरं आहे का म्हणून. नाव कुणाचंच छापत नाही, एकदोन पत्रांतली पेठसुद्धा बदललीय. कायदा काय म्हणतो ते सांगतेच, पण मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केलीय, त्यामुळं कायद्याच्या पुस्तकात काय असतं आणि केसपेपरच्या खिडकीवर काय होतं यातलं अंतरही सांगणार.

प्रश्न : माझं गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. नणंदेच्या ओळखीचा एकजण त्या हॉस्पिटलात कामाला आहे, त्याच्यामुळं सगळं पटापट झालं, खोटं कशाला बोलू. पण मी अजून ॲडमिटच होते तोवर माझ्या रिपोर्टचा फोटो सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यात तपासणीला पाठवताना डॉक्टरांनी शंका म्हणून काहीतरी लिहिलेलं, ते वाचून जाऊबाईंनी माझ्या आईला फोन केला की तुमच्या लेकीला कॅन्सर निघाला. निघाला काहीच नाही, साधी गाठ होती. आता कुणाला बोलू? त्यानं तर मदतच केली ना. (विजापूर वेस)

ताई, त्यानं मदत केली हे खरं आणि त्याला तो फोटो काढायचा काही अधिकार नव्हता हेही खरं. आपल्याकडं दवाखाना म्हटलं की पहिला प्रश्न असतो "तिथं आपलं कोण हाय?", डॉक्टर कोण ते नंतर. ओळखीनं नंबर लवकर लागतो, बेड मिळतो, आणि मग त्याच ओळखीनं फाईलपण उघडली जाते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण घरचाच माणूस ना. माझ्या पाहण्यात जेवढ्या गोष्टी फुटल्या त्यातल्या बहुतेक अशाच फुटल्या, काळजीपोटी, आपल्याच माणसाकडनं.

आता नियमाचं. डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम लागू आहेत. त्यात स्पष्ट आहे की उपचार करताना कळलेली रुग्णाची गोष्ट डॉक्टरनं बाहेर सांगायची नाही. अपवाद मोजके, न्यायाधीशांनी कोर्टात आदेश दिला तर, एखाद्या ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार असतील तर. नणंद, जाऊ, सासरे हे त्या यादीत कुठंच नाहीत. नवरासुद्धा नाही, हे वाचून काहीजणांना राग येईल पण तसंच आहे.

पण तुमचा ओळखीचा माणूस डॉक्टर नाही, मग वैद्यक परिषद त्याचं काय करणार? काहीच नाही. तिथं जबाबदारी येते हॉस्पिटलवर. महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांना शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागतो आणि त्याच्या नियमांत २०२१ ला सुधारणा झाली तेव्हा रुग्ण हक्कांची सनद त्यात आली. माहिती गुप्त ठेवणं, तपासताना आडोसा असणं, पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथं दुसरी बाई हजर असणं, हे सगळं त्यात आहे. ही सनद दिसेल अशा जागी लावायची असते. पुढच्या वेळी गेलात की बघा लावलीय का, बऱ्याचदा ती कॅलेंडरच्या किंवा गणपतीच्या फोटोच्या मागं असते.

तर करायचं काय? तुमचं नातं सांभाळून करायचं असेल तर आधी हॉस्पिटलच्या मॅनेजरला किंवा मालक डॉक्टरांना साध्या कागदावर लिहून द्या, अमुक तारखेला ॲडमिट असताना माझ्या रिपोर्टचा फोटो माझ्या परवानगीशिवाय बाहेर गेला, तो कसा गेला याची चौकशी करून मला लेखी कळवा. माणसाचं नाव टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाव न टाकताही तक्रार करता येते. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, हे विसरू नका. समाधान नाही झालं तर शहरातल्या हॉस्पिटलांची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं असते, तिथं आरोग्य अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज. आणि ग्रुपवरचा फोटो काढायला लावाच, पण त्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

जाता जाता, पुढं कायदा आणखी कडक होतोय. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती नीट सांभाळली नाही म्हणून त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या गल्लीतल्या दवाखान्याला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण कम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवायची पद्धत तरी बंद होईल अशी आशा धरूया.

आणि एक काम मात्र ॲडमिट होतानाच करायचं, ते सगळ्यांनीच. फॉर्मवर नातेवाईकाचं नाव लिहायची जागा असते, तिथं आपण गडबडीत जो सोबत आलाय त्याचं नाव टाकतो. तसं करू नका. ज्याला सांगितलेलं तुम्हाला चालेल त्याच एका माणसाचं नाव टाका आणि शेजारी आपल्या हातानं लिहा, "माझ्या आजाराची माहिती मला व यांनाच द्यावी." खाली सही. नर्स म्हणेल याची गरज नाही, तरी लिहा.

प्रश्न : हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या पोरानं भरल्या गर्दीत आवाज दिला, "एचआयव्हीचा रिपोर्ट कुणाचा राहिलाय?" आणि माझं नाव घेतलं. रिपोर्ट निगेटिव्हच होता. पण रांगेत आमच्या कारखान्यातले दोघं होते. मुळात मला विचारलंच नव्हतं की ही टेस्ट करणार म्हणून. तक्रार करावी तर लोक म्हणतील निगेटिव्ह आहे ना मग कशाला उकरतो. (जुळे सोलापूर)

भाऊ, निगेटिव्ह असला म्हणून हक्क कमी होत नाही. उलट विचार करा, पॉझिटिव्ह असता तर त्या पोरानं त्याच आवाजात नाव घेतलं असतं.

या एका आजारासाठी देशात स्वतंत्र कायदा आहे, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुम्हाला समजावून सांगून, तुमची संमती घेतल्याशिवाय ही टेस्ट करता येत नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्राच्या गठ्ठ्यात कुठंतरी सही घेतली एवढ्यानं भागत नाही, समजावून सांगणं हा त्या संमतीचाच भाग आहे. टेस्ट केली नाही तर उपचार देणार नाही अशी अटही घालता येत नाही. पॉझिटिव्ह आलात म्हणून ऑपरेशन नाकारणं हा तर सरळ भेदभाव, तोही कायद्यानं बंद. डॉक्टर म्हणतात आमच्या सुरक्षेसाठी करतो, त्यांची भीती मी समजू शकते, पण हातमोजे आणि सुयांची काळजी प्रत्येकच रुग्णासाठी घ्यायची असते, रिपोर्ट बघून नाही.

गुप्ततेचं सांगायचं तर विश्वासानं कळलेली कुणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगायला याच कायद्यानं बंदी आहे. आणि इथं डॉक्टर की काउंटरवरचा पोरगा असा फरक कायदा करत नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो, तेव्हा आधी विचारा तुमचा तक्रार अधिकारी कोण, गोंधळून एकमेकांकडं बघायला लागले की समजा नेमलेलाच नाही, आणि हेच वाक्य तुमच्या अर्जात घाला. वरती राज्य सरकारनं नेमायचा लोकपाल असतो, त्यानं तक्रारीवर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कोर्टात गेलात तर तुमचं नाव झाकून खटला चालवायची विनंती करता येते, म्हणजे गुप्तता मागायला गेलो आणि पेपरात नाव आलं असं व्हायला नको.

याच विषयावर अजून एका वाचकानं विचारलंय, "मला आहे आणि बायकोला सांगायची हिंमत होत नाही, डॉक्टर सांगतील का?" त्यांना इथंच उत्तर देते. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात पण एकदम नाही. आधी त्यांनी तुम्हाला समजवायचं, तुम्हीच सांगा म्हणायचं, तरी तुम्ही सांगणार नाही अशी त्यांची खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर धोका असला, तर आम्ही सांगणार आहोत हे तुम्हाला कळवून मग सांगायचं. पण पेशंट बाई असेल आणि जोडीदाराला सांगितल्यानं तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचं नाही असंही त्याच कलमात आहे. फार विचार करून लिहिलेलं कलम आहे ते. भाऊ, तुम्ही मात्र थांबू नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक असतात, दोघांना समोर बसवून बोलायला मदत करतात, फुकट. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतं, नाव सांगावं लागत नाही.

१९९८ ला सुप्रीम कोर्टात असंच एक प्रकरण गेलेलं, हॉस्पिटलनं रक्ताच्या रिपोर्टची गोष्ट सांगितली आणि त्या माणसाचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा कोर्टानं म्हटलं गुप्ततेचा हक्क आहे पण होणाऱ्या बायकोच्या जिवापुढं तो निरंकुश नाही. नंतर २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही एकत्र वाचायचं, गुपित तुमचं आहे पण दुसऱ्याच्या जिवाशी गाठ आली की त्याची हद्द येते.

प्रश्न : मॅडम मी विडी वळते, पंधरा वर्षं झाली. खोकला जाईना म्हणून तपासलं तर टीबी निघाला. गोळ्या चालू केल्या. पण आमच्या वसाहतीत नळावर एक बाई रजिस्टर घेऊन आली आणि सगळ्यांसमोर विचारायली, टीबीची पेशंट कुठं राहते म्हणून. आता शेजारची लेकरं आमच्या दारात येत नाहीत. मुलीचं जमवायचं चाललंय. मी खासगी डॉक्टरकडं दाखवलं होतं तरी सरकारला कसं कळलं? (कुंभारी)

अक्का, खासगी डॉक्टरांनी कळवलं म्हणून कळलं, आणि ते त्यांनी बरोबर केलं. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे, निक्षय नावाच्या पोर्टलवर नोंद होते. न कळवणाऱ्या डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. हे तुमच्यावर पाळत ठेवायला नाही. गोळ्या मध्येच सुटू नयेत, घरातल्यांची तपासणी व्हावी, आणि तुम्हाला पोषणाचे पैसे मिळावेत म्हणून. ते आता महिन्याला १००० रुपये आहेत, आधी ५०० होते, थेट खात्यात येतात. आले नसतील तर विचारा.

पण सरकारला कळवणं वेगळं आणि नळावर जाहीर करणं वेगळं. त्या बाईचं चुकलंच. बहुतेक तिला रोजची घरं उरकायची असतील, पत्ता सापडत नसेल, आपल्या वसाहतीत सगळी घरं सारखी, हे मला माहीत आहे. तरी पत्ता विचारताना आजाराचं नाव घ्यायची काय गरज? नाव विचारून घर सापडतं की. तुम्ही तिलाच आधी सांगा, तेलुगूत सांगायचं असेल तर तेलुगूत सांगा, की इथून पुढं माझ्या मोबाईलवर फोन करायचा, मी केंद्रावर येऊन भेटते. घरी यायचंच असेल तर साध्या कपड्यात, रजिस्टर पिशवीत ठेवून. तिनं नाही ऐकलं तर तालुक्याच्या क्षयरोग पथकाचे सुपरवायझर असतात, त्यांना. एवढं सांगितलं की बहुतेक वेळा जमून जातं, मी कितीतरी वेळा जमवलंय.

शेजारणीला काय सांगायचं ते तुमच्यावर. सांगायचंच असेल तर एवढं सांगा की गोळ्या नीट लागू पडल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची शक्यता बरीच कमी होते, आणि ताटवाटीतनं हा आजार पसरत नाही. मुलीच्या जमवाजमवीत तुमचा आजार सांगायलाच पाहिजे असं कुठल्याच कायद्यात नाही, आजार तुमचा, लग्न तिचं. फक्त तिची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, गरज असली तर त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्याही मिळतात. आणि गोळ्या पूर्ण करा. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जातोय तोवर खोकला राहणारच, पण तो वेगळा विषय, तोंडाला फडकं बांधून बसत जा.

प्रश्न : दोन मुलं आहेत, तिसरं नको. डॉक्टरांकडं गेले तर रिसेप्शनवर म्हणाल्या नवऱ्याची सही लागेल. नवरा पुण्याला कामाला असतो, तो तयार आहे पण येऊ शकत नाही. सासूबाईंना कळलं तर घरात राहणं मुश्किल होईल. (नाव-पेठ छापू नका)

नाही लागत. अठरा वर्षांवरच्या बाईच्या गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते, कायदा १९७१ पासून आहे आणि त्यात नवऱ्याची सही कुठंही मागितलेली नाही. हॉस्पिटलवाले मागतात ते स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी. तुम्ही नम्रपणे म्हणा, "मॅडम, कायद्यात माझी सही आहे, यांची कुठं लिहिलीय ते दाखवा." मग ते डॉक्टरांकडं पाठवतात आणि डॉक्टर समजूतदार असतील तर तिथंच संपतं.

आणि सासूबाईंचं. २०२१ च्या दुरुस्तीनं आणखी एक कलम घातलंय, गर्भपात केलेल्या बाईचं नाव किंवा तपशील कायद्यानं अधिकार असलेल्या माणसाशिवाय डॉक्टरनं कुणाला सांगितला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एवढं कडक दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, म्हणून उशीर करू नका, आणि मान्यता असलेल्या जागीच जा, मेडिकलमधनं परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. फॉलोअपचा मेसेज कुठल्या नंबरवर येणार ते विचारून घ्या, घरातला एकच मोबाईल सासूबाईंकडं असतो अशी उदाहरणं मी पाहिलीयेत.

सोनोग्राफी होईल तेव्हा एक फॉर्म भरून घेतील, तो कायद्याचा आहे, त्याला घाबरू नका. आणि हो, स्वतःच्या शरीराबद्दलची अशी एकच माहिती आहे जी तुम्ही मागितली तरी डॉक्टरनं द्यायची नाही, गर्भ मुलाचा की मुलीचा. बाकी सगळं विचारा.

प्रश्न : एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मानसिक आजारावर गोळ्या चालू आहेत, आता बरा आहे. तीन आठवडे रजा घेतली तर ऑफिसमधले म्हणतात पूर्ण फाईल आणा, नाहीतर पगार कापू. फाईलमध्ये माझं सगळं आहे हो, लग्नाचं, भावकीचं. (अक्कलकोट रोड)

फाईल देऊ नका. रजेसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागणं हा मालकाचा हक्क, ते द्या. सर्टिफिकेटच्या ठरलेल्या नमुन्यात आजाराचं नाव लिहायची जागा असते हे खरं, पण तिथं कमीत कमी शब्दांत लिहा अशी विनंती डॉक्टरांना आधीच करता येते, बरेच डॉक्टर ऐकतात. आता कामावर यायला फिट आहे हे दुसरं सर्टिफिकेट. कंपनीला कळायला पाहिजे ते एवढंच, की हा माणूस खरंच आजारी होता आणि आता काम करू शकतो. समुपदेशनात तुम्ही भावकीबद्दल काय बोललात त्याचा टॉवेलशी काय संबंध?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गुप्ततेचा वेगळा हक्कच दिलाय. माहिती कुणाला देता येते ते मोजून लिहिलंय, तुम्ही स्वतः नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे दुसरे डॉक्टर, कुणाच्या जिवाला धोका असेल तिथं, कोर्टाचा आदेश असेल तर. एचआर त्यात नाही. तुमचा डॉक्टर तुम्हाला न विचारता कंपनीच्या फोनवर काही सांगत असेल तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं होते.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, ती नीट ऐका. हीच लपवाछपवी विमा काढताना करू नका. विमा कंपनी फॉर्ममध्ये विचारते आधीचे आजार काय, तिथं तुम्ही स्वतः सांगायचं कबूल केलेलं असतं, लपवलं आणि नंतर सापडलं तर क्लेम अडकतो, मग रडत बसायचं. आणि घाबरू नका, मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं असं याच २०१७ च्या कायद्यात आहे. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर जवळ ठेवा.

प्रश्न : वडील वारले. हॉस्पिटल फाईल देत नाही, म्हणतात बिलाचे थोडे पैसे राहिलेत. दुसरीकडं माझा चुलतभाऊ म्हणतो मला फाईल द्या, मला जमिनीच्या केसला दाखवायचंय की काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हॉस्पिटल त्याला देईल का? (मंगळवेढा)

दादा, तुम्ही वारस आहात, तुम्हाला द्यायला पाहिजे. २००२ च्या त्याच नियमांत आहे, रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितली की ७२ तासांत कागद द्यायचे. त्या नियमात बिलाची अट नाहीच, बिल वसूल करायचे त्यांचे मार्ग वेगळे. मुंबई हायकोर्टानंही १९९६ लाच सांगितलंय की रुग्णाला केसपेपरच्या प्रती द्यायला हॉस्पिटल नाही म्हणू शकत नाही. झेरॉक्सचा खर्च घेऊ शकतात. लेखी मागा, वारस असल्याचा पुरावा जोडा आणि हातोहात देत नसतील तर रजिस्टर एडीनं पाठवा. उशीर करू नका कारण ॲडमिट रुग्णांची फाईल उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच सांभाळायचं बंधन आहे, आणि ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत. मध्ये २०२३ ला नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात स्थगित केले, म्हणून कुणी "आता नियम बदलले" म्हणालं तर ऐकू नका.

चुलतभावाला हॉस्पिटलनं परस्पर द्यायची नाही. जमिनीच्या केसला लागत असेल तर त्यानं कोर्टात अर्ज करावा, कोर्टाला योग्य वाटलं तर कोर्ट मागवेल. सरकारी रुग्णालय असतं तर काहीजण माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात, पण दुसऱ्याची वैद्यकीय फाईल ही खासगी माहिती आहे, ती सहसा मिळत नाही. तुम्ही हॉस्पिटलला आजच एक पत्र देऊन ठेवा की वारसांच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणाला प्रत देऊ नये.

आणि एक, मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तसं आहे. कारण नोंदवलं जातं, पण त्या दाखल्यावर येत नाही. त्यामुळं सात-बाराला वारस लावायला दाखला तलाठ्याकडं गेला म्हणून वडिलांचा आजार सगळ्यांना कळेल ही तुम्ही पत्रात पुढं लिहिलेली आईची भीती सोडा.

प्रश्न : आभा कार्ड काढलं नाही तर केसपेपर निघत नाही म्हणाले. काढलं तर सरकार आपलं सगळं बघणार का? (सात रस्ता)

आभा म्हणजे १४ आकडी नंबर, त्याला तुमचे रिपोर्ट जोडता येतात. काढणं ऐच्छिक आहे, नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. रांग लवकर सरकावी म्हणून खिडकीवर काढायला लावतात, सोय आहे हे मान्य, पण सक्ती नाही. एका दवाखान्यातलं दुसऱ्याला दिसायचं तर तुमची संमती लागते, मोबाईलवर विनंती येते, किती दिवसांसाठी आणि कुठले कागद ते निवडता येतं, नंतर रद्दही करता येतं. अडचण एवढीच की ओटीपी आपण वाचून दाखवतो आणि समोरचा काय काय दाबतो ते बघत नाही. ओटीपी द्यायच्या आधी स्क्रीन आपल्याकडं वळवायला सांगा. नको असेल तर आभा बंदही करता येतं.

प्रश्न : बाळ झालं तेव्हा हॉस्पिटलनं माझा आणि बाळाचा फोटो फेसबुकवर टाकला, "क्रिटिकल केस यशस्वी" म्हणून. चांगलंच लिहिलंय, पण मला नकोय. (होटगी रोड)

नकोय एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही हे डॉक्टरांच्या नियमात आहे. नियम २००२ चे, तेव्हा फेसबुक नव्हतं, पण जाहिरातीसाठी रुग्णाचा चेहरा वापरायचा नाही हे तेव्हाही तेवढंच खरं होतं. आधी मेसेज करा, "डॉक्टर, आमचा फोटो आज काढून टाका, आम्ही परवानगी दिली नव्हती," दोन दिवसांत नाही काढला तर तेच पत्र मेडिकल कौन्सिलला. डॉक्टर चांगले असतील तर दुखावतील थोडे, पेढे घेऊन जा आणि फोटो काढायला लावा.